शेगावला गेलेलं टपाल

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव नावाच्या खेड्यात राहायला आले. गावाला धड रस्ता नव्हता, पावसाळ्यात चिखल, आणि मलेरिया तर गावचा मानकरीच. पण या अडचणी त्यांना आधीपासून ठाऊक होत्या. अडचणी आहेत म्हणूनच त्यांनी ते गाव पसंत केलं, असंही म्हणता येईल. ठाऊक नव्हती ती एक भलतीच अडचण. मुंबईहून नागपूरकडे येणाऱ्या रेल्वेवर बुलढाणा जिल्ह्यात शेगाव लागतं. गजानन महाराजांचं शेगाव. स्टेशन मोठं, नाव मोठं, यात्रा मोठी. टपाल निवडणाऱ्या माणसानं पाकिटावर 'सेगाव' वाचलं की त्याचा हात सवयीनं शेगावच्या थैलीकडे जायचा. त्याचा दोष नव्हता. बापूंना लिहिलेली पत्रं वर्ध्याच्या दोनशे किलोमीटर अलीकडेच उतरायची आणि महाराजांच्या गावात मुक्काम करून मग पुढे यायची. शेवटी १९४० मध्ये गावाचं नावच बदलून सेवाग्राम केलं.

वर्धा जिल्ह्यात झालेलं हे पहिलं एसईओ, असं माझं मत आहे. लोक शोधतात एक आणि त्यांना सापडतं दुसरंच, म्हणून आपली पाटी अशी बदलायची की शोधणारा नेमका आपल्याच दारात यावा. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणजे एवढंच. बाकीचं पॅकेजमध्ये येतं.

हे काम एखाद्या डिजिटल मार्केटिंग कंपनीनं केलं असतं, तर वर्षअखेरीस बापूंच्या हाती एक चकचकीत रिपोर्ट पडला असता. नामांतरानंतर टपालात घसघशीत वाढ! शेजारी हिरवा बाण. 'सेवाग्राम' या शब्दावर आपण देशात पहिल्या क्रमांकावर! (त्या नावाचं दुसरं ठळक गावच नाही म्हटल्यावर दुसऱ्या क्रमांकावर जाणार तरी कुठे?) बापूंनी तो रिपोर्ट उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर पत्र लिहायला घेतलं असतं. पण लिहिता लिहिता त्यांच्या मनात एक शंका यायलाच हवी होती. १९४० हे साल कोणतं? १७ ऑक्टोबरला विनोबांनी पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि चारच दिवसांनी देवळीला त्यांना अटक झाली. सारा देश वर्ध्याकडे पाहत होता. त्या वर्षी गावाचं नाव काहीही ठेवलं असतं तरी टपाल वाढलंच असतं. मग ती वाढ नावामुळे की सत्याग्रहामुळे?

हे ओळखायचं असेल तर सेवाग्रामचं टपाल मोजून उपयोग नाही. शेगावच्या पोस्टात जाऊन विचारावं लागेल, की बाबा, गांधीजींची चुकलेली पत्रं हल्ली किती येतात? ती कमी झाली असतील तर नामांतर कामी आलं. असा आकडा कोणत्याही रिपोर्टात नसतो, कारण त्याचा बाण खाली जातो आणि खाली जाणारा बाण गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही, हा त्या धंद्याचा पहिला नियम आहे.

आता असे रिपोर्ट ज्या हळदीपायी माझ्यासमोर आले, तिच्याकडे येतो.

आमच्या जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात वायगाव आहे. तिथल्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रंग गडद, कर्क्युमिन भरपूर. मानांकन मिळाल्यावर त्या भागातल्या आमच्या एका हळदवाल्या भाऊंना पुण्याच्या पुतण्यानं सांगितलं की आता वेबसाइट पाहिजे. वेबसाइट झाली. मग त्यानं सांगितलं की नुसती वेबसाइट असून काय होते, ती वर यायला पाहिजे. म्हणून नागपूरची एक कंपनी धरली. कंपनीच्या वतीनं एक पोरगा यायचा. चुणचुणीत, शर्ट इन केलेला, बॅगेत लॅपटॉप. भाऊंना तो 'सर' म्हणायचा आणि वहिनींना 'मॅडम', आणि ते ऐकून वहिनी मागे वळून पाहायच्या, कोण आलं म्हणून.

दर महिन्याला रिपोर्ट यायचा. रिपोर्टात सगळं वर चाललेलं असायचं. आणि कोठीतली पोती होती तिथंच असायची. भाऊंनी मला बोलावलं ते या दोन गोष्टींचा मेळ घालायला.

"पाह्य ना," ते म्हणाले, "आपण एक नंबरवर येऊन राहिलो." त्यांनी फोन पुढे केला. हळद, असं टाकलं, आणि खरंच, भाऊंची दुकानदारी सगळ्यात वर. नकाशासकट, फोटोसकट.

"कोणाच्या फोनात?" आतून वहिनींचा आवाज.

"माह्या."

"माह्या फोनात त सांगली येते."

इथं वहिनींनी एका वाक्यात जे सांगितलं ते समजायला शिकलेल्या माणसांना कोर्स करावा लागतो. गुगल प्रत्येकाला तेच दाखवत नाही. तुम्ही कुठे उभे आहात हे ते पाहतं, आणि याआधी तुम्ही काय काय उघडलंत याचीही थोडीफार आठवण ठेवतं. भाऊ स्वतःच्या ओट्यावर बसून, दिवसातून अनेकदा स्वतःचीच वेबसाइट उघडून, 'हळद' शोधणार. त्यांना त्यांचीच हळद दाखवली नाही तर त्या गुगलला काही माणुसकी आहे की नाही? पुण्यात पुतण्यानं तेच शोधलं तर भाऊंचा पत्ता नाही. नागपूरच्या मेहुणीला आधी मोठे ब्रँड दिसले, मग हळदीचे फेसपॅक. तिचा फोन तिला ओळखून होता.

तरीही वर्ध्यापासून मुंबईपर्यंत दुकानदार सकाळचा चहा घेताना हेच करतात. स्वतःच्या फोनवर स्वतःला शोधतात, स्वतः सापडतात आणि समाधानानं दुसरा कप मागवतात. पोराला मी विचारलं, "मग खरं स्थान कसं पाहायचं?" तो म्हणाला, "इन्कॉग्निटोमध्ये." इन्कॉग्निटोत तुमचा इतिहास लपतो हे खरं, पण तुम्ही समुद्रपूर तालुक्यात बसला आहात हे लपत नाही. बुरखा घालून आपल्याच गल्लीत फिरलं तरी गल्ली तीच राहते.

त्यातून भाऊंनी आणखी एक सोय करून ठेवली होती. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचा रोजचा मेसेज असायचा: सर्वांनी एकदा वेबसाइट उघडून पाहावी. आणि आमच्याकडच्या कुटुंबाचा विस्तार लक्षात घेता ही संख्या काही लहान नव्हती. रिपोर्टात हे सगळे 'पुन्हा येणारे निष्ठावान ग्राहक' म्हणून नोंदले गेले. निष्ठावान तर होतेच. हळद फुकट न्यायचे.

गुगलचं स्वतःचं एक हजेरीपुस्तक आहे, सर्च कन्सोल नावाचं. ते फुकट मिळतं. वेबसाइटवाल्याला त्यात चार गोष्टी कळतात: आपण किती वेळा दिसलो, किती जणांनी दाबलं, ज्यांना दिसलो त्यांच्यापैकी दाबणाऱ्यांचं प्रमाण काय, आणि सरासरी कितव्या जागेवर होतो. कंपनीचा रिपोर्ट यातल्या पहिल्या गोष्टीवर उभा होता. इम्प्रेशन! लाखाकडे चाललेत सर!

इम्प्रेशन म्हणजे काय, हे जरा नीट पाहण्यासारखं आहे. निकालांच्या ज्या पानावर तुमचा दुवा असेल ते पान शोधणाऱ्यासमोर आलं की एक इम्प्रेशन पडलं. त्यानं बोटानं खाली सरकवून तुमच्यापर्यंत यायला पाहिजे असं काही नाही. म्हणजे आर्वीच्या लग्नाच्या मांडवासमोरून एसटीनं पुढे गेलेला, खिडकीशी झोपलेला माणूससुद्धा जेवून गेलेल्या पाहुण्यांत धरायचा. अशा हिशेबानं आमच्याकडचं कोणतंही लग्न लाखाचं होईल.

आणि सरासरी जागेची गंमत तर विचारू नका. समजा भाऊंची वेबसाइट आधी एकाच शोधात दिसत होती, तिसऱ्या जागेवर. सरासरी तीन. मग पोरानं मेहनत केली आणि ती आणखी एका शोधात दिसू लागली, सत्तेचाळिसाव्या जागेवर. दोन्हीकडे दिसण्याची संख्या सारखीच धरली तर सरासरी झाली पंचवीस. काम वाढलं, सरासरी घसरली. आता ती नवी जागा गमावली तर सरासरी पुन्हा तीन! हिरवा बाण! नापास होणाऱ्या पोरांना परीक्षेला बसूच न देता शाळेचा निकाल लावण्याची युक्ती आमच्याकडे फार पूर्वीपासून चालत आलेली आहे. गुगलला ती अमेरिकेत बसून सुचली, एवढंच.

सप्टेंबर २०२५ मध्ये तर जगभर असाच तमाशा झाला. गुगलच्या निकालाच्या एकाच पानावर शंभर निकाल मागवायची एक पळवाट होती, ती गुगलनं बंद केली. लगेच असंख्य वेबसाइटची इम्प्रेशनं धाडकन कोसळली आणि त्याच वेळी सरासरी जागा सुधारली. लोक गोंधळले. आपण बुडालो की तरलो? मग जाणकारांनी असा निष्कर्ष काढला की रँक मोजणारी जी यंत्रं होती ती शंभर-शंभर निकाल ओढून पाहायची, आणि त्यामुळे नव्वदाव्या जागेवरच्या बिचाऱ्याच्या खात्यातही 'दिसला' अशी नोंद पडायची. म्हणजे इतकी वर्षं ज्या गर्दीकडे बोट दाखवून पैसे घेतले, तिच्यात मोजायला आलेलेच बरेच होते. गर्दी किती आहे हे पाहायला आलेल्यांचीच गर्दी.

मी हे भाऊंना समजावून सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे तहसीलदाराच्या दौऱ्यावानी झालं." मी होय म्हटलं.

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला खरं तर हे इतकं समजावायची गरज पडू नये. सत्तरच्या दशकापासून इथं दारूबंदी आहे. परवान्याच्या दुकानातली विक्री मोजाल तर आख्खा जिल्हा हरिनाम घेतो. रिकाम्या बाटल्या मोजायला भंगारवाल्याकडे गेलात तर दुसराच जिल्हा भेटतो. कोणता आकडा कुठे उभं राहून घेतला, हे आम्ही लहानपणापासून विचारत आलो आहोत. फक्त आकडा लॅपटॉपवर आला की विचारायचं विसरतो.

मग ऋतूंचा मामला. कंपनीचा सगळ्यात देखणा आलेख डिसेंबर आणि जानेवारीची तुलना करणारा होता. डिसेंबर सपाट, जानेवारी उभा. पोरगा म्हणाला, "सर, आपण डिसेंबरात ऑन-पेज काम केलं होतं, त्याचा रिझल्ट."

"संक्रांतीचा," वहिनी म्हणाल्या.

पोरगा हसला. पण मॅडमचं म्हणणं खरं होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत महाराष्ट्रातल्या प्रत्येक आळीत हळदीकुंकू असतं. त्याच सुमारास नव्या हळदीची काढणी सुरू होते, मागोमाग लग्नं उभी राहतात. त्या महिन्यांत 'हळद' हा शब्द इतक्या फोनांवर टाइप होतो की वेबसाइट झोपलेली असली तरी तिच्या अंगावरून लोक जातात. सेवाग्रामकडे खादी विकणाऱ्या कोणीही सप्टेंबरशी ऑक्टोबरची तुलना करून पाहावी. २ ऑक्टोबरला शाळाशाळांतून निबंध लिहायचे असतात. एसईओ करणाऱ्यानं बोटही हलवलं नाही तरी आलेख चढेल, आणि त्याचं बिल मात्र बापूंच्या नावानं फाटणार नाही. ३ ते ५ फेब्रुवारी २०२३ ला वर्ध्यात ९६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्या दिवसांत वर्ध्यातली राहण्याखाण्याची सोय हजारो लोकांनी शोधली असणार. एखाद्या लॉजवाल्याला त्याच्या कंपनीनं फेब्रुवारीचा रिपोर्ट काय म्हणून दाखवला असेल, याची कल्पना करून मी अधूनमधून एकटाच हसतो. लॉजवाल्याला वाटलं असेल, काय कीवर्ड लावले पोरानं! अध्यक्ष न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर होते, हे त्याच्या कानावरही गेलं नसेल.

हळदीच्या बाबतीत सगळ्यात मोठी लाट २०२० ची. मार्चअखेर आयुष मंत्रालयानं काढे सांगितले, त्यात हळदीचं दूधही होतं. घरात कोंडलेला सगळा देश हळद शोधायला लागला. त्या वर्षी ज्यांनी हळदीचं एसईओ केलं ते स्वतःला आजही थोर समजतात. आणि २०२१ मध्ये ज्यांनी केलं त्यांना मालकांनी हाकललं, कारण 'मागच्या वर्षीपेक्षा उतरलं'.

म्हणून जानेवारीची तुलना डिसेंबरशी करायची नाही, मागच्या जानेवारीशी करायची. हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कोणी मे महिन्याच्या विहिरीची पातळी ऑगस्टशी ताडून पाहत नाही. पण इथंही यंत्रानं एक मेख मारून ठेवली आहे. सर्च कन्सोल फक्त सोळा महिन्यांचं पुस्तक ठेवतं. जुनं पाहिजे तर वेळेवर उतरवून घ्या, नाहीतर गेलं. आणि वेबसाइटवर आलेल्यांची मोजदाद करणारं गुगलचंच जुनं अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घ्यायचं थांबलं. नवं आलं त्यात मोजायची पद्धतच वेगळी. भाऊंच्या कंपनीनं जुन्या मापाचा आकडा नव्या मापाच्या आकड्याशेजारी ठेवून मधे हिरवा बाण काढला होता. पायली आणि किलो यांची वजाबाकी करून फायदा काढणारा अडत्या हिंगणघाटच्या बाजारात एक दिवस टिकला नसता.

एवढं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल की पोरानं काहीच काम केलं नव्हतं. तसं नाही, आणि इथं त्याच्यावर अन्याय व्हायला नको. आधीच्या वेबसाइटवर हळदीची सगळी माहिती एका चित्रात लिहिलेली होती. चित्र सुंदर होतं, कडेला तोरण होतं, पण त्यातली अक्षरं यंत्राला नीट वाचता येत नव्हती. पानाच्या डोक्यावर हळदीचं नाव नव्हतं, 'आपले सहर्ष स्वागत आहे' असं होतं. मोबाइलवर पान उघडेपर्यंत माणूस सांगलीला पोचायचा. पोरानं हे सगळं निस्तरलं. माहिती अक्षरांत लिहिली. आणि एक नामी गोष्ट केली. जिल्ह्यात वायगावं एकाहून जास्त आहेत. हिंगणघाट रस्त्यावरचं ते वायगाव निपाणी, आणि हळदीचं ते वायगाव हळद्या. त्यानं प्रत्येक पानावर नाव, तालुका, पिन कोड सगळं स्वच्छ लिहिलं. सेगाव-शेगावचाच हा घोटाळा, फक्त इथं दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात.

मला पाहायचं होतं ते हे. सर्च कन्सोलात लोकांनी नेमकं काय शोधून आपल्याला गाठलं याची यादी असते. बहुतेक भाऊंच्या दुकानाच्याच नावानं आलेले होते. ज्याला तुमचं नाव माहीत आहे तो तुम्हाला शोधून येणारच. त्याचं श्रेय एसईओला देणं म्हणजे जावयानं घर शोधून काढलं म्हणून नकाशा काढणाऱ्याचा सत्कार करण्यासारखं आहे. ते सगळे वगळले. मग दुसरी टोळी. 'हळद लागवड माहिती', 'हळदीची गाणी', 'हळदीकुंकू वाण काय द्यावे', 'वायगाव बस टाइम'. हे शोधून आलेले लोक एकवार पाहून, चुकलो म्हणून निघून गेलेले. रिपोर्टातला फुगा बराचसा यांचाच होता. तेही वगळले.

खाली एक चिमुकली ओळ उरली. 'वायगाव हळद कुठे मिळेल'. 'वर्धा हळद एक किलो भाव'. अशा पाचसात शोधांतून आलेली मोजकी माणसं. मागच्या वर्षी त्याच महिन्यांत या ओळी यादीत नव्हत्याच. भाऊंचं नाव माहीत नसलेला, हळद विकत घ्यायला निघालेला, आणि आजवर दुसऱ्याच दारात जाणारा माणूस तो. शेगावला उतरणारं पाकीट पहिल्यांदाच बरोबर आलं होतं. काम झालं होतं! आणि रिपोर्टात त्याचा उल्लेख कुठेही नव्हता, कारण लाखाच्या आलेखावर एवढा आकडा रेघेच्या जाडीत बुडून जातो.

पोराला मी ती ओळ दाखवली. तो ओशाळून म्हणाला, "सर, हे फार छोटं दिसते न. मालकाला काय दाखवणार?"

मी त्याला सेवाग्रामच्या आश्रमातल्या टेलिफोनची गोष्ट सांगितली. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता. आजही तिथं दाखवतात. आजच्या रिपोर्टात त्या फोनची नोंद कशी पडली असती? एकूण वापरकर्ते: नगण्य. बंद करण्याची शिफारस.

मग आम्ही एक प्रयोग केला. गुगल स्वतःच सांगतं की असल्या कामाचा गुण यायला चार महिने ते एक वर्ष लागतं, आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणालाच देता येत नाही. (पोराच्या व्हिजिटिंग कार्डावर हमी छापलेली होती. ती त्यानं अंगठ्यानं झाकली.) म्हणून मी सुचवलं की हळद पावडरीच्या पानावर पाहिजे ते कर, पण ओल्या हळदीच्या लोणच्याच्या पानाला हात लावू नको. हंगाम दोघींना सारखाच. जे पावडरीचं वाढेल आणि लोणच्याचं वाढणार नाही, ते तुझं.

हंगाम संपता संपता आकडे काढले. लोणचं पुढे होतं.

पोरगा खचला. भाऊ खूश झाले, कारण लोणचं त्यांच्या आईच्या हातचं. शेवटी उलगडा झाला तो असा, की थंडीत ओल्या हळदीच्या लोणच्याच्या व्हिडिओंची इंटरनेटवर साथ आली होती. प्रयोगशाळेत उंदीर पिंजऱ्यात राहतात. लोणचं राहत नाही. तरीसुद्धा एक कळलं: पावडरीच्या पानावरची ती चिमुकली ओळ, 'कुठे मिळेल' वाली, हळूहळू का होईना लांबत होती, आणि लोणच्याच्या पानावर तशी ओळ उगवली नव्हती. लोणच्याकडे आलेले सगळे कृती वाचून घरी परतले. आता तर तेही येत नाहीत. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गुगल बऱ्याच प्रश्नांचं उत्तर निकालांच्या वरच स्वतः लिहून देतं. हळदीचे फायदे काय, तर हे घ्या. माणूस वर वाचतो आणि निघून जातो. म्हणजे आता तुम्ही पहिल्या नंबरवर असूनही कोणी येत नाही, हाही एक निकाल झाला आहे. तो कसा मोजायचा यावर जगभर परिसंवाद चालू आहेत. मी त्यांना वहिनींचं नाव सुचवणार होतो.

कारण वहिनींनी या सगळ्या भानगडीत न पडता फोनशेजारी एक वही टांगली होती. शाळेची, शंभर पानी, रेघांची. ऑर्डरचा फोन आला की पत्ता लिहून घेताना त्या विचारायच्या, "आमचा नंबर तुम्हाले कुठून भेटला जी?" आणि जे उत्तर मिळेल ते लिहायच्या. पोरगा म्हणाला, याला अ‍ॅट्रिब्युशन म्हणतात, यासाठी कंपन्या लाखांचं सॉफ्टवेअर घेतात. वहिनी म्हणाल्या, वही पुतण्याच्या पोराची आहे, त्यानं अर्धी टाकून दिली.

वहीत खाने होते. पाहुणे. प्रदर्शन. फोनमध्ये पाहून. आठवत नाही. 'आठवत नाही' सगळ्यात लांब, आणि सगळ्यात प्रामाणिक. पण खरी पंचाईत पुण्याच्या एका बाईंसारख्यांची. "गुगलवरून," त्या म्हणाल्या. वहिनींनी 'फोनमध्ये पाहून' खाली लिहायला घेतलं. मग बाई पुढे म्हणाल्या, "म्हणजे आमच्या ऑफिसात तुमच्या वर्ध्याची एक आहे, ती सुट्टीवरून येताना गोरसपाक आणते दरवेळी. या खेपेला तिनं तुमची हळदही आणली होती. नाव पाकिटावर होतं. मग गुगलवरून नंबर काढला."

आता ही कोणाच्या खात्यात? पोरगा म्हणाला, सर्चच्या. भाऊ म्हणाले, वर्ध्याच्या बाईच्या. मी म्हटलं, पाकिटावर नाव छापणाऱ्याच्या. वहिनींनी पेन थांबवून आमच्या तिघांकडे पाहिलं आणि 'पाहुणे' खाली लिहिलं. त्यांच्या मते कोणाच्या तरी सुट्टीच्या पिशवीतून जे गेलं ते पाहुण्यांकडूनच गेलं. गोरस भंडारच्या गोरसपाकाला कोणी एसईओ करायला सांगितलं होतं?

असं करत वर्ष भरलं आणि पोरगा करार वाढवायच्या कागदांसह आला. भाऊंनी मला आणि वही, दोघांनाही समोर बसवलं. त्यातल्या त्यात 'फोनमध्ये पाहून' खान्यात बऱ्यापैकी नावं होती. मागच्या वर्षी नव्हतं असं काहीतरी नक्कीच होतं. भाऊंनी मान हलवली. पोराचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्याचं बोट शेवटच्या पानावर अडकलं. तिथं खान्याबाहेर, समासात, वहिनींनी लिहिलं होतं: पाच किलो, यवतमाळ.

"मॅडम, हे कशातलं?"

त्याचं असं झालं होतं, की यवतमाळच्या एका माणसाला वायगाव निपाणीला जायचं होतं. बसची वेळ पाहायला त्यानं फोनमध्ये वायगाव टाकलं. वर भाऊंची वेबसाइट आली. खाली नंबर होता तो त्यानं लावला आणि विचारलं, "एसटी स्टँड काय?" वहिनींनी नाही म्हटलं नाही. त्यांचं माहेर त्याच बाजूचं. देवळीकडून किती वाजता निघते, कुठे बदलावी लागते, सगळं सांगितलं. बोलता बोलता हळदीचा विषय निघाला. त्याच्या मुलीचं लग्न होतं.

मी ज्यांना कचरा म्हणून यादीतून झाडून काढलं होतं, त्यांतलाच हा.

पोरगा उभाच राहिला. "सर! हे कन्व्हर्जन आहे! ऑरगॅनिक सर्च, वायगाव बस टाइम, पाच किलो! हे आपल्याकडे धरा."

"कायले धरू?" भाऊ म्हणाले. "तो एसटीचा माणूस."

"पण आला आपल्या रँकिंगनं!"

"चुकून आला न."

दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. मी वहीकडे पाहायला लागलो. वहिनींनी ती काढून घेतली, पट्टीनं उभी रेघ मारून एक नवा खाना पाडला, डोक्यावर 'एसटी' असं लिहिलं आणि पोराला म्हणाल्या, "बाबू, त्या वेबसाइटवर परतीच्या गाडीची बी वेळ टाकून देजो. लोक विचारून राहिले."